तबकडींत कोंडलेलीं चित्रें

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वींची गोष्ट. शाळा सुटल्यावर एक विद्यार्थिनी वहीच्या पानांत जपून ठेवलेली एक चकचकीत तबकडी घेऊन संगणकाच्या खोलीच्या दाराशीं उभी राहिली. तिच्या आत्याच्या लग्नाची ती तबकडी होती. सुमारें अठरा वर्षांपूर्वीं येथेंच, पिंपळनेरास, झालेल्या त्या लग्नांत हळदीच्या वेळीं तिच्या आजींनीं अहिराणी गाणीं म्हटलीं होतीं. आजी आतां नाहींत, आणि त्यांचा आवाज त्या तबकडीवांचून अन्यत्र कोठेंहि उरलेला नाहीं. घरचें तबकडी लावण्याचें यंत्र केव्हांच मोडींत गेलेलें. मुलीनें शेजाऱ्यांच्या संगणकांत तबकडी घालून पाहिली, तों पडद्यावर गाणें नाहीं कीं चित्र नाहीं. इंग्रजी नांवांचे चारपांच कप्पे मात्र दिसले, आणि त्यांतील एक फाईल उघडूं जातांच संगणकानें उलट तिलाच विचारलें कीं, ही कशानें उघडावयाची? बिचारी रडवेली होऊन मला म्हणाली, “सर, आजीचा आवाज पुसला गेला का हो ?”

आवाज पुसला गेला नव्हता. तबकडी शाबूत होती व संगणकहि शाबूत होता. एकाची बोली दुसऱ्यास उमगली नव्हती, एवढेंच. परंतु तेवढ्या अज्ञानामुळें, ‘ही बिघडली’ असें समजून कितीतरी घरांतील तबकड्या भंगारवाल्याच्या गाडीवर जातात, अथवा पाखरें हांकण्यासाठीं शेतांत दोरीला टांगल्या जातात. म्हणून ह्या तबकड्यांत चित्रें कशीं सांठविलेलीं असतात, संगणकावर तीं कशीं पाहावीं, आणि नाहींशीं होण्यापूर्वीं तीं कशीं उतरून घ्यावीं, ह्याविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असें मनांत आलें.

तबकडी आपल्या घरीं आली कशी

चालू शतकाच्या पहिल्या दशकांत व्हीसीडी नांवाचा तबकडीचा प्रकार आपल्या देशांत खेडोपाडीं पोहोंचला. तिचें यंत्र स्वस्त, तबकडी त्याहून स्वस्त. त्यामुळें लग्न, साखरपुडा, बारसें, शाळेचें स्नेहसंमेलन, सारें कांहीं तिच्यावर उतरूं लागलें. आठवडेबाजारांत भाजीच्या पालाशेजारीं अहिराणी गाण्यांच्या तबकड्याहि विकावयास येत. आखाजीचीं व कानबाईचीं जीं गाणीं बायकांच्या मुखीं नांदत होतीं, तीं अशा रीतीनें खोकींत बंद झालीं.

आपल्या शेजारच्या मालेगांवांत तर ह्याच सुमारास एक छोटेखानी चित्रपटव्यवसाय उभा राहिला. तेथें व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख ह्यांनीं इ. स. २००० मध्यें ‘मालेगांव के शोले’ हा विडंबनपट काढला. लहानसा कॅमेरा, गांवांतीलच नट, आणि त्यांतले कित्येक पोटासाठीं यंत्रमागावर राबणारे, अशी ती सामग्री. ह्या मंडळींच्या खटाटोपावर फैजा अहमद खान ह्यांनीं इ. स. २००८ मध्यें ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ हा माहितीपट केला, आणि रीमा कागती ह्यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगांव’ हा चित्रपट इ. स. २०२४ मध्यें टोरांटोच्या महोत्सवांत व पुढल्या वर्षीं आपल्या चित्रपटगृहांत दाखविला गेला. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, मोठ्या शहरांतील मोठ्या धनाशिवाय सामान्य माणसासहि आपली गोष्ट चित्रांत सांगतां येते, हें ज्या साधनांनीं आपणांस दाखविलें, त्यांत ही स्वस्त तबकडी एक होती. तिला तुच्छ लेखूं नये.

तबकडीच्या पोटांत काय असतें

तबकडी हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांस ग्रामोफोनमुळें परिचित होता. त्या काळ्या तबकडीवर सुई फिरे. ह्या रुपेरी तबकडीवर प्रकाशाचा किरण फिरतो. फिलिप्स व सोनी ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली ही तबकडी, म्हणजे सीडी, इ. स. १९८२ मध्यें प्रथम गाण्यांसाठीं बाजारांत आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. तिच्यांत मध्यापासून कडेकडे जाणारी एकच गोगलगाईच्या शंखासारखी वळणावळणाची वाट असते. ही वाट उलगडून सरळ केली, तर ती पांच किलोमीटरांहून लांब भरेल. वाटेवर सूक्ष्म खळगे व सपाट जागा आलटून पालटून येतात. लेसर किरण त्यांवर पडून परततो; खळग्याच्या कडेपाशीं परतणाऱ्या प्रकाशांत फरक पडतो, आणि त्या फरकावरून यंत्र एक व शून्य ह्या दोनच आंकड्यांची लांबच लांब माळ वाचीत जातें.

कारखान्यांत छापलेल्या तबकडींतच हे खरे खळगे असतात. लग्नाचें चित्रण करणारा छायाचित्रकार जी तबकडी आपल्या दुकानांत तयार करून देतो, तिच्यांत खळगे नसून रंगद्रव्याच्या पातळ थरावर किरणानें उमटविलेले डाग असतात. आणि रंग म्हटला कीं तो उन्हानें, उष्णतेनें व काळानें फिका पडावयाचाच. बाजारांतून आणलेली चित्रपटाची तबकडी टिकते, आणि घरच्या लग्नाची मात्र वाचतां येईनाशी होते, ह्याचें रहस्य हेंच.

डीव्हीडी ही सीडीची धाकटी बहीण. ती इ. स. १९९६ मध्यें जपानांत प्रथम विक्रीस आली. आकार तोच, परंतु वाट अधिक बारीक. सीडींत वाटेच्या दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडें अधिक असतें. डीव्हीडींत तें ०.७४ मायक्रॉन, आणि इ. स. २००६ मध्यें आलेल्या ब्ल्यू-रे तबकडींत ०.३२ मायक्रॉन. त्यामुळें जेथें सीडींत सुमारें ७० कोटी अक्षरें, ज्यांस संगणकाच्या भाषेंत बाइट म्हणतात, मावतात, तेथें डीव्हीडीच्या एका थरांत ४७० कोटी व ब्ल्यू-रेच्या एका थरांत २,५०० कोटी मावतात. बारीक वाट वाचण्यास किरणहि बारीक लागतो, म्हणून सीडीच्या यंत्रांत डीव्हीडी चालत नाहीं. परंतु संगणकाचें डीव्हीडी-यंत्र बहुधा सीडीहि वाचतें.

डबा, चिठ्ठी आणि लिपी

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. स्वयंपाकघरांतील फळीवर एक डबा आहे. त्यावर चिठ्ठी आहे. आंत पदार्थ आहे. ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत. फाईलीच्या नांवाच्या शेवटीं टिंबानंतर जीं दोन-चार अक्षरें येतात, ती चिठ्ठी. चित्र व आवाज जींत एकत्र बांधलेले असतात ती रचना म्हणजे डबा. आणि चित्र ज्या संक्षिप्त लिपींत लिहिलेलें असतें ती लिपी, जिला तज्ज्ञ कोडेक म्हणतात, ती आंतील पदार्थ. चिठ्ठी बदलल्यानें मिठाची साखर होत नाहीं. तसेंच चिठ्ठी फाटल्यानें साखर खारट होत नाहीं. संगणक पुष्कळदां नुसती चिठ्ठी वाचून निर्णय घेतो, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो.

संक्षिप्त लिपी लागते कशाला, असें कोणी विचारील. थोडा हिशेब करूं. व्हीसीडीवरील एक चित्र आडवें ३५२ व उभें २८८ ठिपक्यांचें असतें, म्हणजे एकूण १,०१,३७६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठीं तीन बाइट धरले, तर एका चित्रास ३,०४,१२८ बाइट लागतील. डोळ्यांस हालचाल अखंड भासावी म्हणून एका सेकंदांत अशीं २५ चित्रें दाखवावीं लागतात. म्हणजे सेकंदास ७६ लक्ष बाइट झाले. ह्या हिशेबानें ७० कोटींची अख्खी तबकडी दीड मिनिटांत संपेल ! मग तिच्यावर सव्वा तासाचें लग्न मावतें कसें ?

तर पूर्वीं तार करतांना आपण जशी काटकसर करीत असूं, तशी येथें केली जाते. वधूवर बोहल्यावर उभीं आहेत. मागची भिंत जागची हालत नाहीं. मग तीच भिंत सेकंदांत पंचवीस वेळां कशाला लिहावी ? म्हणून एक चित्र पूर्ण लिहितात, आणि पुढच्या कित्येक चित्रांत केवळ ‘काय बदललें’ तेवढेंच लिहितात. जें बारीकसारीक डोळ्यांस फारसें जाणवत नाहीं, तें गाळूनहि टाकतात. ह्या लिपीस एमपेग असें नांव आहे. तिचा पहिला प्रकार व्हीसीडीवर व दुसरा प्रकार डीव्हीडीवर वापरतात. पहिल्या प्रकारांत चित्रांचा खर्च सेकंदास सुमारें १ लक्ष ४४ हजार बाइटांवर येतो. म्हणजे पन्नासपटींहून अधिक बचत झाली.

व्हीसीडीचे कप्पे

व्हीसीडीची पद्धत इ. स. १९९३ मध्यें ठरली. ती संगणकांत घालून उघडली असतां जे कप्पे, म्हणजे फोल्डर, दिसतात, त्यांपैकीं ‘एमपेग-एव्ही’ ह्या नांवाच्या कप्प्यांत खरा चित्रपट असतो. आंतील फाईलीचें नांव ‘एव्हीसेक ०१’ असें असून तिची चिठ्ठी ‘डॅट’ अशी असते. इतर कप्प्यांत सूचीची व यंत्रास लागणारी किरकोळ माहिती असते. डॅट ही चिठ्ठी फार मोघम आहे. तिचा अर्थ केवळ ‘माहिती’ असा, आणि नाना प्रकारचे प्रोग्रॅम ती आपापल्या कामासाठीं वापरतात. म्हणूनच संगणक गोंधळून ‘कशानें उघडूं ?’ असें विचारतो. आमच्या विद्यार्थिनीची अडचण नेमकी हीच होती. आंत साधें एमपेगच असतें. ती फाईल संगणकावर उतरवून तिच्या चिठ्ठीच्या जागीं ‘एमपीजी’ हीं अक्षरें लिहिलीं, तरी पुष्कळ प्रोग्रॅम ती निमूटपणें दाखवूं लागतात.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ७४ मिनिटांच्या सीडीचे ३,३३,००० लहान लहान तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटांचा असतो. साधी माहिती ठेवतांना त्यांपैकीं २,०४८ बाइटच कामीं येतात. उरलेल्यांपैकीं बहुतेक जागा चुका ओळखण्यास व दुरुस्त करण्यास राखून ठेवतात. कारण, जमाखर्चाच्या वहींतील एक आंकडा जरी पुसला गेला, तरी सारा हिशेब चुकेल. परंतु चित्रांत एखादा ठिपका चुकला, तर कोणाचें काय बिघडणार ? असा विचार करून व्हीसीडींत दुरुस्तीची जागा कमी केली व तुकड्यागणिक २,३२४ बाइट चित्रास दिले. त्यामुळें ज्या तबकडींत ६८ कोटी बाइट माहिती मावते, तिच्यांतच सुमारें ७७ कोटींचा चित्रपट मावतो. ह्या लोभाची किंमत मात्र द्यावी लागते. चरा पडलेल्या व्हीसीडीवर नवरदेवाच्या चेहऱ्याचे जे चौकोनी तुकडे होतात, ते ह्यामुळेंच. शिवाय तबकडीची अखंड प्रतिमा घेण्याचा आयएसओ नांवाचा जो प्रसिद्ध प्रकार आहे, तो २,०४८ बाइटांच्या हिशेबानें चालतो. म्हणून व्हीसीडीस तो उपयोगी पडत नाहीं. तिची प्रतिमा बिन व क्यू अशा जोडफाईलींत घ्यावी.

डीव्हीडीचे कप्पे

डीव्हीडी उघडल्यावर ‘व्हिडिओ-टीएस’ व ‘ऑडिओ-टीएस’ असे दोन कप्पे दिसतात. दुसरा बहुधा रिकामा असतो. तो रिकामा पाहून घाबरूं नये. पहिल्यांत तीन तऱ्हेच्या फाईली असतात. ‘आयएफओ’ ही ग्रंथाची अनुक्रमणिका होय. कोणतें प्रकरण कोठें, आवाज किती भाषांत, हें ती सांगते. ‘बीयूपी’ ही त्याच अनुक्रमणिकेची जादा प्रत. एकीवर चरा पडला तर दुसरी कामीं यावी म्हणून ठेवलेली. आणि ‘व्हीओबी’ हा प्रत्यक्ष ग्रंथ. चित्र, आवाज व भाषांतराच्या ओळी ह्यांत एकत्र गुंफलेल्या असतात. चित्र येथें आडवें ७२० व उभें ५७६ ठिपक्यांचें असल्यामुळें व्हीसीडीहून पुष्कळच स्वच्छ दिसतें.

नियम असा आहे कीं, कोणतीहि व्हीओबी फाईल एक गिगाबाइटहून मोठी असूं नये. म्हणून एकच चित्रपट चारपांच फाईलींत तोडलेला असतो, आणि त्यांच्या नांवांत शेवटीं १, २, ३ असे आंकडे येतात. ह्या नियमाचें अज्ञान मला स्वतःला भोंवलें आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या लग्नाची डीव्हीडी मीं मोठ्या हौसेनें संगणकावर उतरविली. सर्व फाईली सारख्याच आकाराच्या दिसल्या. एकाच चित्रपटाच्या त्या अनेक प्रती असाव्या असें समजून मीं पहिली तेवढी घेतली, आणि मूळ तबकडी एका नातलगांस पाहावयास दिली. ती परत आलीच नाहीं. आज आमच्यापाशीं त्या लग्नाचीं चोवीस मिनिटें आहेत. अंतरपाट दूर होण्यापूर्वींच चित्र संपतें. वडील मंडळींपैकीं जे त्या मांडवांत पुढें अक्षता टाकतांना दिसले असते, ते आम्हांस पुन्हा दिसणार नाहींत. विद्यार्थ्यांनीं ह्यावरून एवढें शिकावें कीं, डीव्हीडी उतरवावयाची ती संपूर्ण कप्प्यासह. एखादी फाईल निवडून नव्हे.

अशीच फसगत गाण्यांच्या सीडींत होते. तेथें ‘सीडीए’ चिठ्ठीच्या ज्या फाईली दिसतात, त्या अवघ्या ४४ बाइटांच्या पाट्या असतात. पाटी उचलून घरीं नेली म्हणून दुकान घरीं येत नाहीं. ब्ल्यू-रे तबकडी आपल्याकडे विरळा; तिच्यांत ‘बीडीएमव्ही’ नांवाच्या कप्प्यांतील ‘स्ट्रीम’ ह्या पोटकप्प्यांत ‘एम-टू-टीएस’ चिठ्ठीच्या फाईलींत चित्रपट असतो, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

संगणकावर कसें पाहावें

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, नवा संगणक म्हणजे सर्व कांहीं दाखविणारच. वस्तुस्थिति उलट आहे. इ. स. २०१२ मध्यें आलेल्या विंडोज ८ पासून डीव्हीडी दाखविण्याची सोय मूळ प्रोग्रॅममधून काढून टाकण्यांत आली. आणि अलीकडच्या हलक्या संगणकांत तर तबकडी घालण्यास जागाच नसते. ह्या दुसऱ्या अडचणीस उपाय म्हणजे तारेनें जोडावयाचें बाहेरचें डीव्हीडी-यंत्र. गल्लींतील दोन-चार घरांनीं मिळून एक घेतलें तरी काम भागतें.

पहिल्या अडचणीस उपाय व्हीएलसी नांवाचा प्रोग्रॅम. ह्याचा इतिहास विद्यार्थ्यांस स्फूर्तिदायक वाटेल. पॅरिसनजीकच्या एका अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं इ. स. १९९६ मध्यें हें काम आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून आरंभिलें, आणि इ. स. २००१ पासून तें साऱ्या जगास विनामूल्य खुलें केलें. ह्या प्रोग्रॅमांत नानाविध लिप्या वाचण्याचें ज्ञान आधींच भरलेलें असतें, आणि तो केवळ चिठ्ठीवर विसंबत नाहीं; डबा उघडून आंत पाहतो. तो त्याच्या मूळ संस्थेच्या स्थळावरूनच उतरवून घ्यावा. मग ‘मीडिया’ ह्या यादींतील ‘ओपन डिस्क’ हें कलम निवडावें, आपली तबकडी डीव्हीडी आहे कीं व्हीसीडी आहे तें सांगावें, आणि ‘प्ले’ करावें. तबकडीऐवजीं उतरवून ठेवलेला कप्पा असेल, तर ‘व्हिडिओ-टीएस’ हा कप्पाच त्यास दाखवावा. हलत्या माणसांच्या कडांवर फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसल्या, तर तबकडी बिघडली असें समजूं नये. जुन्या दूरचित्रवाणीसाठीं चित्राच्या सम व विषम ओळी पाळीपाळीनें टिपलेल्या असतात, त्याचा तो परिणाम होय. इंग्रजी ‘डी’ अक्षराची कळ दाबतांच त्या रेघा बहुधा मावळतात.

परदेशांतून आणलेली विकतची डीव्हीडी कधीं कधीं चालत नाहीं. कंपन्यांनीं जगाचे विभाग पाडलेले असून आपला देश पांचव्या विभागांत येतो. संगणकाच्या यंत्राचा विभाग बदलतां येतो, पण केवळ पांच वेळां. म्हणून उगाच खेळ करूं नये. विकतच्या चित्रपटांस नक्कल होऊं नये म्हणून कुलूपहि असतें. तें कुलूप फोडून प्रती वाटणें हें कायद्यास धरून नाहीं, व सुसंस्कृतपणासहि धरून नाहीं. आपल्या घरच्या समारंभाची गोष्ट निराळी. ती आपली ठेव आहे व तिला बहुधा कुलूपहि नसतें.

उतरवून ठेवण्याची रीत

तबकडी प्रथम उजेडांत धरून पाहावी. धूळ असेल तर मऊ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल कधींहि पुसूं नये, कारण वाटेच्या दिशेनें पडलेला चरा सलग मजकूर नष्ट करतो. पुष्कळ लोक चकचकीत बाजू जपतात आणि नांव लिहिलेली बाजू खुशाल घासूं देतात. सीडीच्या बाबतींत हें अगदीं उलट आहे. तिचा रुपेरी थर नांवाच्या बाजूसच, पातळ लेपाखालीं असतो. तेथें बोलपेनानें दाबून लिहिलें तरी इजा पोहोंचते. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मध्यें असल्यामुळें तो त्या मानानें सुरक्षित.

मग सर्व कप्पे जसेच्या तसे संगणकावर उतरवावे. यंत्र एखाद्या ठिकाणीं अडलें तर संतापून तबकडी काढूं नये. दुसऱ्या संगणकाच्या यंत्रांत घालून पाहावी. एकास जें वाचतां येत नाहीं, तें दुसऱ्यास पुष्कळदां वाचतां येतें. मूळ फाईली तशाच जपून, मोबाईलवर पाहण्यासाठीं त्यांची ‘एमपी-फोर’ अशी निराळी प्रत हँडब्रेकसारख्या विनामूल्य प्रोग्रॅमनें करावी. मूळ टाकून देऊं नये. कारण एका लिपींतून दुसऱ्या लिपींत लिहितांना दर वेळीं थोडें कांहीं गळतें. नंतर दोन प्रती दोन निरनिराळ्या घरांत ठेवाव्या, आणि फाईलीच्या नांवांत कोणाचा समारंभ, कोठें व कोणत्या वर्षीं हें लिहावें.

शेवटचें काम सर्वांत महत्त्वाचें, आणि तें संगणक करूं शकत नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांस शेजारीं बसवून तें चित्र दाखवावें, व त्यांत दिसणारी माणसें कोण कोण, हें विचारून वहींत टिपून ठेवावें. आणखी वीस वर्षांनीं चित्र राहील, पण पाटावर बसलेली ती वृद्धा कोण, हें सांगणारें कोणी राहणार नाहीं.

उशीर कां करूं नये

आपल्या खानदेशाचा वैशाखवणवा, पत्र्याच्या छपराखालची पेटी, आणि तींत वर्षानुवर्षें पडलेली रंगद्रव्याची तबकडी, ह्यांचा मेळ फार दिवस बसणारा नव्हे. दुसरीकडे, ती वाचणारीं यंत्रेंहि नाहींशीं होत आहेत. फीतीच्या व्हिडिओयंत्रांची शेवटची जपानी उत्पादक कंपनी इ. स. २०१६ मध्यें थांबली. सोनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्या करणें बंद केलें. जगानें एकेक दार लावून घेण्यापूर्वीं आपण आपलें सामान बाहेर काढलेलें बरें.

ज्यांच्याकडे सर्व साधनें होतीं, त्यांच्या हातूनहि हयगय झालेली आहे. आपल्या देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ इ. स. १९३१ मध्यें मुंबईंत झळकला. आज त्याची एकहि प्रत अस्तित्वांत नाहीं. उलट आपल्याच जिल्ह्याशेजारचें दुसरें उदाहरण पाहा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर व शेतांत त्या जीं गाणीं रचीत, तीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्त पीतांबर चौधरी ह्यांनीं वेळेवर कागदावर टिपून ठेवलीं. इ. स. १९५१ मध्यें बहिणाबाई निवर्तल्या. आणि पुढच्याच वर्षीं आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकारानें तीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध होऊन महाराष्ट्रभर गेलीं. टिपून घेणारे हात नसते, तर ती संपत्ति मातींत मिळाली असती.

असो. त्या दिवशीं सायंकाळीं आम्हीं ती तबकडी हलक्या हातानें पुसली, ‘एव्हीसेक’ ही फाईल उतरवून घेतली व ती लावली. मध्यें एकदां चित्राचे चौकोन झाले, हळदीचा मांडव फुटून विखुरल्यासारखा दिसला, परंतु आवाज थांबला नाहीं. मुलगी कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती आपल्या वडिलांस घेऊन आली, आणि त्या दोघांनीं मिळून आजींच्या गाण्यांचे शब्द एका वहींत उतरवून घेतले. कांहीं अहिराणी शब्द मुलीस कळले नाहींत. ते वडिलांनीं सांगितले. कांहीं त्यांसहि सांगतां आले नाहींत. त्यांसाठीं आतां ते गांवांतील वृद्ध स्त्रियांकडे जात आहेत.

आपल्या शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या तबकड्याहि माजी विद्यार्थ्यांच्या घरीं कोठेंतरी असतीलच. ज्यांच्यापाशीं त्या असतील, त्यांनीं त्या शाळेच्या संगणकशाळेंत आणून द्याव्या. त्या उतरवून घेऊन मूळ तबकडी व एक प्रत अशा दोन्ही परत करण्यांत येतील. आणि विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत आपापल्या घरची पेटी एकदां उघडून पाहा. तळाशीं एखादी तबकडी सांपडेल. ती शेतांत टांगण्यापूर्वीं तिच्या पोटांत कोण बोलत आहे, तें ऐकून घ्या.